केळ्यावरचा आळ : मुलांच्या ऋतुजन्य ॲलर्जीचा आढावा

मुलाला ताप आला की घर जागे होते, जुलाब लागले की शेजारही धावून येतो. परंतु सकाळी उठल्याबरोबर ओळीने दहा-बारा शिंका आल्या, दिवसभर नाक गळत किंवा चोंदून राहिले आणि रात्री तोंड उघडे टाकून मूल घोरू लागले, तर त्या सगळ्याची बोळवण ‘सर्दीच तर आहे’ एवढ्या शब्दांत करण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. वस्तुतः ही सर्दी नेहमीच्या सर्दीपासून ओळखू येण्याजोगी असते. ती दर वर्षी ठराविक महिन्यांत येते, आठवड्याभरात न जाता महिना-दोन महिने मुक्काम ठोकते, तिच्यासोबत ताप नसतो, घरातील दुसऱ्या कोणाला ती लागत नाही, आणि नाकाबरोबर डोळ्यांना, टाळूला नि कानांच्या आतही ती खाज आणते. इतक्या खुणा उघड असताना घरात चौकशी सुरू होते ती मात्र मुलाच्या पानावरील पदार्थांची. काल केळे कोणी दिले, रात्री दही का वाढले, शाळेतून येताना पेरू खाल्ला होता काय, फ्रिजमधले पाणी कोणी काढले, असा पंचनामा होऊन एकेका पदार्थाला घरातून हद्दपार करण्याचा हुकूम सुटतो. आणि ज्या हवेत मूल श्वास घेते व ज्या गादीत नाक खुपसून ते आठ-नऊ तास निजते, त्यांची साधी जबानीही घेतली जात नाही. श्वास, झोप आणि जेवण या तिन्ही बाबतींतल्या तक्रारी घेऊन पालक तीन ठिकाणी सल्ला विचारत फिरतात; आमच्या मते या तिन्हींचा उगम बहुतेक वेळा एकाच जागी, म्हणजे सुजलेल्या नाकात असतो.

या विकाराचा पहिला काटेकोर वृत्तान्त एका वैद्याने स्वतःच्याच प्रकृतीविषयी लिहिलेला आहे. जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरांनी १८१९ साली लंडनच्या मेडिकल अँड चिरर्जिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात एका ४६ वर्षांच्या रुग्णाची हकीकत सांगितली : दर वर्षी जून महिन्यात डोळे लाल होऊन चुरचुरतात, शिंकांची झड लागते, छाती आवळल्यासारखी होते, आणि हे सर्व वयाच्या आठव्या वर्षापासून चालत आलेले आहे. तो रुग्ण म्हणजे बोस्टॉक स्वतःच होते. पुढे १८२८ सालापर्यंत खटपट करून त्यांना अशा २८ जणांची माहिती मिळवता आली. मात्र कारण म्हणून त्यांनी दोष दिला तो उन्हाळ्याच्या उष्म्याला. परागकणांवर नेमके बोट ठेवले ते मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅक्ली यांनी. तेही स्वतः पीडितच. त्यांनी गवताचे पराग आपल्याच नाकात घालून पाहिले, त्वचेवर ओरखडा काढून त्यात भरून पाहिले, आणि हे पराग किती उंचीपर्यंत जातात हे समजावे म्हणून पतंगाला चिकट काचपट्ट्या बांधून ते आकाशात चढवले. त्यांचा ग्रंथ १८७३ साली निघाला. त्याच्या कितीतरी आधी, दहाव्या शतकाच्या आसपास, अल-राझी या इराणी हकिमाने वसंतात गुलाब फुलले की एका गृहस्थाचे नाक कसे वाहू लागते याविषयी लिहून ठेवले होते. आणि सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात तर प्रतिश्यायाला, म्हणजे सर्दीला, स्वतंत्र अध्याय आहे. एक ऋतू सरून दुसरा लागतानाचे पंधरा दिवस प्रकृतीला नाजूक असतात, हा आयुर्वेदकार वाग्भटाचा ऋतुसंधीचा विचार आजच्या कोणाही बालरोगतज्ज्ञाच्या अनुभवाशी जुळणारा आहे, हे मान्य करण्यात आधुनिकांचा काही कमीपणा होईल असे वाटत नाही.

‘ॲलर्जी’ ही संज्ञा १९०६ साली प्रचारात आणणारे क्लेमेन्स फॉन पिर्के हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ होते. शरीराचे संरक्षण करणारी यंत्रणाच एखाद्या निरुपद्रवी पदार्थावर उलटून स्वतःच्या शरीराला पीडा देते, हे त्यांना लस टोचलेल्या मुलांच्या निरीक्षणावरून उमगले होते. या उलटण्यामागचे प्रतिद्रव्य, ज्याला आज आयजीई म्हणतात, ते १९६६-६७ च्या सुमारास इशिझाका या जपानी पतिपत्नींनी अमेरिकेत शोधून काढले. परागकण ओल्या नाकात पडतो, त्यातील प्रथिने विरघळतात, आयजीईने सज्ज झालेल्या पेशी फुटून हिस्टामिन बाहेर टाकतात, आणि काही मिनिटांत शिंका, खाज व पाणी सुरू होते. हा झाला पहिला अंक. दुसरा काही तासांनी येतो. त्यात शिंका थांबलेल्या असतात, पण नाकाचे अस्तर सुजून मार्ग बंद होतो, आणि दिवसभर मैदानावर बागडलेल्या मुलाचे नाक रात्री का चोंदते याचा उलगडा येथे होतो. शिवाय हंगाम जसजसा पुढे सरकतो, तसतसे नाक अधिकाधिक हळवे होत जाते. आरंभी ज्या मुलाला बऱ्याच परागांनी त्रास होई, त्याला शेवटी चिमूटभर परागही पुरतात. दोन वर्षांच्या आतील बाळाला खरी परागजन्य ॲलर्जी सहसा नसते, कारण पराग ओळखून त्यावर चिडायला शरीराला एक-दोन हंगामांचा परिचय लागतो. महाराष्ट्रातून परदेशी गेलेल्या अनेक कुटुंबांना पहिली काही वर्षे तिकडचा वसंत सुखाचा वाटतो आणि मग एका वर्षी अचानक शिंका सुरू होतात, त्याचेही कारण हेच.

युरोपात या विकाराचा ऋतू एकच, आणि तो फुलांचा. आपल्याकडचे पंचांग अधिक गुंतागुंतीचे आहे. मृगाचा पाऊस पडला की हवेतले पराग धुऊन जातात आणि आठ-पंधरा दिवस मुलांना बरे वाटते. पण लवकरच कोकणात नि मुंबईत भिंतींना ओल धरते, कपाटामागे काळे ठिपके उमटतात, कपडे घरातल्या दोऱ्यांवर दोन-दोन दिवस वाळत राहतात, आणि बुरशीचे बीजाणू व धुळीतले माइट यांचा अंमल सुरू होतो. हे माइट डोळ्यांना न दिसणारे, आठ पायांचे जीव. ते चावत नाहीत, आपल्या त्वचेच्या झडलेल्या कणांवर जगतात आणि लागणारे पाणी दमट हवेतूनच शोषून घेतात. घरातील धुळीची ॲलर्जी म्हणजे बव्हंशी या माइटांची ॲलर्जी, हे हॉलंडमधील लायडनच्या फोरहोर्स्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखवून दिले; ती मुख्यतः माइटांच्या विष्ठेची असते हे पुढे स्पष्ट झाले. चार महिन्यांच्या दमटपणावर पोसलेली माइटांची पैदास पावसाळा संपता संपता कळसास पोचते. आणि नेमक्या त्याच वेळी, दसरा-दिवाळीच्या तोंडावर, आपण माळ्यावरच्या वळकट्या खाली काढतो, गाद्या झटकतो, पंखे पुसतो, आणि त्या धुळीत मुलांना मदतीला घेतो. त्याच सुमारास माळरानावरची गवते फुलोऱ्यावर येतात, बाजरीची नि भाताची मळणी सुरू होते, मागाहून फटाक्यांचा धूर येतो. थंडीत जड हवा जमिनीलगत बसून धूर धरून ठेवते. माघ-फाल्गुनात वृक्षांची पाळी. त्यांत वावळ्याचे पराग वैद्यकात विशेष कुप्रसिद्ध आहेत. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट. ज्या फुलांकडे आपले लक्ष जाते ती गुलमोहर, मोगरा, जास्वंद यांची देखणी फुले प्रायः निर्दोष असतात, कारण त्यांचे पराग जड व चिकट असून कीटकांकरवी वाहून नेले जातात; उपद्रव करतात ती गवतांची आणि वाऱ्यावर विसंबणाऱ्या झाडांची, कोणी ढुंकूनही न पाहावे अशी फुले.

गाजरगवताची कथा या संदर्भात सांगितल्यावाचून राहवत नाही. पुण्याच्या परिसरात १९५५-५६ च्या सुमारास ते ठळकपणे नजरेस आले. अमेरिकेतून आयात झालेल्या गव्हाबरोबर ते आले असे लोक मानतात, जरी त्याची तुरळक नोंद देशात त्याआधीचीही आहे. काँग्रेस गवत हे त्याचे दुसरे नाव त्या काळच्या राजकीय विनोदबुद्धीचे द्योतक असावे. रस्त्याकडेला, पडीक जागेत, रेल्वेच्या रुळांलगत आणि शाळांच्या मैदानांवर पसरलेले हे गवत अंगाला लागले तर त्वचेवर चट्टे उठवते, आणि त्याचे पराग नाकाला त्रास देतात असे बंगळूरच्या संशोधकांनी तपासण्यांतून दाखवले आहे. जपानात युद्धोत्तर काळात डोंगरांवर सुगी नावाच्या वृक्षाची सरसकट लागवड झाली आणि आज त्याच्या परागांमुळे तिथल्या शहरांना दर वसंतात शिंकांनी बेजार व्हावे लागते. ऋतू निसर्गाचा असला तरी त्या ऋतूतले पराग कोणते असावेत यात माणसाचा हात असतो, एवढे या दोन दाखल्यांवरून दिसते.

आता श्वासाकडे वळू. आत जाणाऱ्या हवेला एकूण जो अडथळा होतो, त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या नाकात होतो. हवा गाळणे, उबदार करणे, ओलावणे ही कामे नाकाची असल्याने मार्ग मुळातच अरुंद व वळणावळणाचा आहे, आणि मुलांत तर तो आणखी लहान. त्यामुळे अस्तराला थोडी सूज आली तरी नाकाचा व्यवहार बंद पडतो आणि तोंड उघडावे लागते. तोंडाने घेतलेली हवा न गाळलेली, कोरडी व थंड अशी थेट छातीत उतरते. नाक आणि फुप्फुस हे एकाच मार्गाची दोन टोके आहेत हा विचार १९९९ सालापासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात रूढ झाला. दमा असलेल्या बहुसंख्य मुलांना नाकाचीही ॲलर्जी असते, आणि नाकाकडे दुर्लक्ष झाले की दमा आटोक्यात राहत नाही, असा अनुभव सर्वत्र येतो. खेळताना मधेच खोकल्याची उबळ येणे, पहाटे तीन-चारच्या सुमारास खोकल्याने जाग येणे, हसल्यावर किंवा रडल्यावर छातीत सूं सूं आवाज होणे, ही ‘कफ झालाय’ म्हणून सोडून देण्याची लक्षणे नव्हेत. बालदमा म्हणण्यास आईवडील कचरतात. त्याहून अधिक कचरतात ते तोंडाने ओढण्याच्या औषधाला, कारण ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत. पंपातून दिलेली औषधाची मात्रा ही तोंडावाटे पोटात जाणाऱ्या मात्रेचा अल्पांश असते आणि ती हव्या त्या जागी जाते. चष्म्याची जितकी सवय लागते तितकीच पंपाची लागते. याउलट, बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा, वेखंड, लोबान टाकून दिली जाणारी धुरी, जिला कोणी सवय म्हणत नाही, ती मात्र कोवळ्या श्वासमार्गाला झोंबणारी असते. आणि गळ्यात कापराची पुरचुंडी बांधण्याची चाल तर, ते मूल कापूर चघळील तर झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते म्हणून, तूर्तातूर्त बंद करण्याजोगी आहे.

पावसाची सर हवा स्वच्छ करते हा नियम खरा असला, तरी वादळाचा अपवाद मेलबर्न शहराने २१ नोव्हेंबर २०१६ रोजी अनुभवला. गवताच्या परागांचा भर हंगाम, त्यात गडगडाटी वादळ. ओल्या हवेत पराग फुटून त्यांचे इतके बारीक तुकडे झाले की ते नाकात न अडकता सरळ छातीत उतरले, हजारो माणसांनी एका रात्रीत रुग्णालये गाठली, आणि दहा जण दगावले. पीडितांत अनेक असे होते की ज्यांना तोवर केवळ शिंकांचा त्रास असे व दम्याचे नावही ठाऊक नव्हते.

या विकाराचे खरे क्षेत्र रात्र आहे. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तपुरवठा वाढून नाकाचे अस्तर फुगते, सूज दाबून ठेवणारे शरीरातले नैसर्गिक स्टेरॉइड मध्यरात्रीच्या सुमारास नीचांकावर असते, आणि नाक टेकलेले असते ते माइटांच्या माहेरघरात. त्यातच टाळूमागची अॅडेनॉइडची गाठ वाढलेली असेल तर हवेला वाट उरत नाही. मग मूल कूस बदलत राहते, मान मागे टाकून, हनुवटी वर करून श्वासाला वाट शोधते, उशी घामाने भिजते, घोरण्यात मधेच खंड पडतो आणि दचकल्यासारखा श्वास येतो. घोरणे म्हणजे गाढ झोप, अशी मोठ्यांनी स्वतःविषयी करून घेतलेली सोयीस्कर समजूत मुलांनाही लावली जाते. वास्तविक नियमितपणे घोरणारे मूल झोपेसाठी झगडत असते. त्या झगड्याची निशाणी सकाळी दिसते : डोळ्यांखाली काळसर वर्तुळे, चिडचीड, डोकेदुखी, कधी मोठ्या वयातही बिछाना ओला होणे. शाळेत तेच मूल लक्ष देत नाही, खोडकर आहे, मठ्ठ आहे असे शेरे मिळवते. झोप कमी पडली की प्रौढ पेंगतो, मूल मात्र पुष्कळदा उलट अधिक हुडपणा करते. त्यामुळे शिक्षकांचा निष्कर्ष चुकण्यास जागा राहते.

नाकाच्या त्रासाने जागणाऱ्या मुलाला शांत करण्यासाठी जुनी झोप आणणारी ॲलर्जीची सिरपे दुकानांतून सर्रास नेली जातात. हिस्टामिन हे मेंदूत जागृती राखणारेही द्रव्य आहे. क्लोरफेनिरामीनसारखी जुनी औषधे मेंदूत शिरून त्यालाच अडवतात, म्हणून गुंगी येते. ही गुंगी आणि निद्रा एक नव्हेत. स्वप्नांचा टप्पा तिने आखडतो, आणि तिचा अंमल दुसऱ्या दिवशी वर्गापर्यंत टिकतो. ब्रिटनमध्ये शालान्त परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांची २००७ साली प्रसिद्ध झालेली एक पाहणी या बाबतीत डोळे उघडणारी आहे. तिकडे सराव परीक्षा हिवाळ्यात आणि अंतिम परीक्षा गवताच्या परागांच्या भर हंगामात होते. ज्यांना परीक्षेच्या दिवसांत शिंकांचा त्रास होता, त्यांची श्रेणी सराव परीक्षेपेक्षा घसरण्याची शक्यता इतरांहून सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळली, आणि ज्यांनी गुंगीची औषधे घेतली होती त्यांच्या बाबतीत सुमारे ७० टक्क्यांनी. म्हणजे इलाज मूळ विकाराहून महाग पडला. आपल्याकडेही क्लोरफेनिरामीन व फेनिलेफ्रिन यांचे एकत्रित औषध चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. मॉन्टेलुकास्ट या लोकप्रिय गोळीविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये कडक इशारा दिला, तो तिच्यामुळे काही मुलांत वाईट स्वप्ने, निद्रानाश व मनःस्थितीतील बदल दिसतात म्हणून; झोपेसाठी चाललेल्या उपचारात झोपेवरच घाला घालणारे औषध असू शकते, हे पालकांना कोणीतरी सांगावयास हवे.

आणि आता जेवण. नाक चोंदलेल्या मुलाला जेवताना एकदा नीट न्याहाळावे. ते पोळीचा घास तोंडात घेते, तोंड मिटून दोनदा चावते, मग श्वासासाठी तोंड उघडते, घास गालात सरकवून ठेवते, पुन्हा चावते, पुन्हा थांबते; दर घासागणिक पाण्याचा पेला उचलते, आणि अर्धी पोळी संपेपर्यंत दमून जाते. आई म्हणते, ‘चावायचा कंटाळा.’ वस्तुतः चावणे आणि श्वास घेणे ही दोन कामे एकाच दारातून चालवण्याची पाळी आलेल्या त्या जिवाने मऊ वरणभात, दूधपोळीचा काला, बिस्किटे अशा न चावता गिळण्याजोग्या पदार्थांकडे वळावे, यात कंटाळ्याचा काही संबंध नाही. दुसरी गोष्ट चवीची. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू असे मोजकेच ढोबळ भेद कळतात. फोडणीचा, कोथिंबिरीचा, तुपाचा, आंब्याचा स्वाद म्हणून जे आपण ओळखतो ते घशामागून नाकात चढणाऱ्या गंधाने. हा मार्ग बंद झाला की मेथीची भाजी नुसती कडू लागते आणि मुगाची खिचडी नुसती मिळमिळीत. अशा वेळी मुलाने लोणचे, सॉस, चिवडा, गोळ्या यांचाच हट्ट धरला तर ते लाडावले आहे म्हणणे अन्यायाचे होय, कारण जिभेला तेवढेच ऐकू येत असते. तिसरी गोष्ट सकाळची. रात्रभर नाकामागून घशात ओघळलेला शेंबूड मूल गिळत राहते, मोठ्यांसारखे खाकरून टाकणे त्याला जमत नाही. त्यामुळे उठल्यावर मळमळते, दात घासताना उबळ येऊन चिकट पाण्याची उलटी होते, आणि शाळेच्या बसआधी घाईघाईने पुढे केलेला दुधाचा पेला ते ढकलून देते. दूध पचत नाही, असा निष्कर्ष काढायला मग घरच्यांना वेळ लागत नाही.

दुधाने कफ होतो या समजुतीची परीक्षा ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी मोठ्या चिकाटीने केली. त्यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या ६० प्रौढांच्या नाकात सर्दीचा विषाणू सोडला, कोण किती दूध पितो याची नोंद ठेवली, आणि प्रत्येकाच्या नाकातून किती स्राव झाला याचे चक्क वजन केले. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात दुधाचा आणि स्रावाचा काही संबंध आढळला नाही. दूध लाळेत मिसळून घशाशी किंचित घट्ट लागते, तेवढाच काय तो भास. केळे, पेरू, सीताफळ, दही यांच्याविरुद्धचा पुरावाही बहुधा एवढाच असतो की ती फळे बाजारात येतात त्याच महिन्यांत मुलांची नाके वाहतात. सीताफळ पिकते ते गवताच्या फुलोऱ्याच्या सुमारास, यात सीताफळाचा काय अपराध ?

याचा अर्थ अन्नाची ॲलर्जी नसते असा नव्हे. ती खरी असेल तेव्हा तिचे स्वरूप वेगळे व ठसठशीत असते : पदार्थ खाल्ल्यापासून काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर पित्ताच्या गांधी, ओठ-डोळे सुजणे, उलटी, क्वचित धाप, आणि दर वेळी त्याच पदार्थाने. नुसते नाक महिनोन्महिने गळणे हे अन्नाच्या ॲलर्जीचे एकटे लक्षण सहसा असत नाही. पराग आणि अन्न यांची एक गाठ मात्र खरोखरीच आहे. बर्च वृक्षाच्या परागांची ॲलर्जी असलेल्या युरोपीय मुलांना कच्चे सफरचंद खाल्ल्यावर ओठ नि टाळू खाजू लागतात, कारण दोहोंतील एक प्रथिन जवळजवळ सारखे असते. तेच सफरचंद शिजवले की प्रथिन मोडते आणि खाज येत नाही. महाराष्ट्रात बर्च नाही, पण कच्ची फळे वा वांगे खाल्ल्यावर तोंड खाजते अशी तक्रार करणारी मुले आढळतात. त्यांची तक्रार ऐकून घ्यावी, तो पदार्थ शिजवून देऊन पाहावा, आणि तेवढ्यावरून अर्धी भाजीमंडई वर्ज्य करू नये. रक्ताची एकच बाटली घेऊन शंभर-दीडशे पदार्थांचा अहवाल देणाऱ्या चाचण्यांपासून तर पालकांनी दूरच राहावे. त्यांतील आयजीजी हे दुसरे प्रतिद्रव्य मोजणारी चाचणी, मुलाने तो पदार्थ पूर्वी खाल्ला आहे, यापलीकडे फारसे काही सिद्ध करीत नाही. आयजीईची चाचणीही लक्षणांशी ताडून पाहिल्याशिवाय निरर्थक. असा अहवाल हातात घेऊन गहू, दूध, अंडी, शेंगदाणे सगळेच बंद केलेली, वजन घटलेली मुले पाहिली म्हणजे विकार परवडला असे वाटू लागते. विनाकारण वर्ज्य करण्याने धोका टळतो असेही नाही. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, जोखीम असलेल्या तान्ह्यांना शेंगदाणा लवकर सुरू केल्याने पाचव्या वर्षीची शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले.

उपचाराबाबत शास्त्रात फारसा मतभेद उरलेला नाही. मतभेद आहे तो घरात. नाकात मारण्याचा स्टेरॉइडचा फवारा हा या विकारावरचा अव्वल इलाज, परंतु ‘स्टेरॉइड’ या शब्दाने पालक हादरतात आणि त्याऐवजी नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब आठवडेच्या आठवडे घालत बसतात. हे थेंब चार-पाच दिवसांपलीकडे चालू ठेवले की नाक उलट अधिक चोंदते आणि थेंबांवाचून उघडेनासे होते. खरी सवय लागते ती याची. फवाऱ्याची मात्रा अत्यल्प असते, तिचा अंमल चढायला काही दिवस लागतात, म्हणून तो त्रास होईल तेव्हा न मारता हंगामाच्या दोन आठवडे आधीपासून, ज्याला आश्विनात त्रास होतो त्याने गणपतीच्या दिवसांपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने रोज वापरावा आणि मुलाची उंची अधूनमधून मोजत राहावी. मारण्याची रीतही शिकून घ्यावी लागते : मान किंचित खाली, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत व डाव्या हाताने उजवीत, म्हणजे फवारा मधल्या पडद्यावर न आदळता बाजूच्या अस्तरावर पडतो आणि रक्त येत नाही. जोडीला गुंगी न आणणारी नवी औषधे आणि मिठाच्या पाण्याने नाक धुणे. एवढ्याने भागत नसेल तर लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लेनर्ड नून यांनी १९११ साली सुरू केलेली, ज्याची ॲलर्जी त्याचीच वाढत्या मात्रेत ओळख करून देण्याची पद्धत आहे. ती तीन ते पाच वर्षे चिकाटीने चालवावी लागते, आणि चाचणीवरून कारण निश्चित झाल्याखेरीज तिला हात घालू नये.

घरातल्या उपायांत गाद्यांना ऊन दाखवण्याची आपली जुनी चाल उत्तम. कोरड्या तापाने माइट मरतात. मात्र मेलेल्या माइटांची विष्ठा गादीतच राहते, म्हणून चादरी व अभ्रे आठवड्यातून एकदा कडक गरम पाण्यातून काढावे, आणि गाद्या बडवताना मूल जवळ नसावे. पावसाळ्यात मुलाच्या खोलीत कपडे वाळत घालू नयेत, हे सांगणे सोपे; दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते कसे पाळावे, याचे उत्तर वैद्यकाजवळ नाही.

काही गोष्टी घराच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. हवेतील पराग व बीजाणू मोजण्याच्या शास्त्रात आपण मागे होतो असे नाही. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. शिवपुरी यांनी आणि औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्रा. एस. टी. टिळक यांनी त्याचा पाया कधीच घातला, आणि टिळकांनी तर हवेचा नमुना घेणारे स्वतःचे यंत्रही बनवले. अलीकडे चंडीगडने आपले परागपंचांग तयार केले आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने हवेतील प्रदूषणाचा अंदाज देणारी ‘सफर’ ही व्यवस्था उभी केली. तरीही मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत पर्जन्यमान व तापमान जसे रोज छापून येते तसे परागमान येत नाही, आणि आज फवारा मारून मैदानावर पाठवावे की नाही याचा निर्णय आईला आकाशाकडे बघून करावा लागतो.

गाजरगवताच्या बंदोबस्ताचेही तसेच. त्याची पाने खाणारा मेक्सिकन भुंगेरा १९८४ साली बंगळूरला आणून सोडण्यात आला व त्याने पावसाळ्यापुरते चांगले काम केले. परंतु शाळेच्या आवारातले गवत भुंगेऱ्यावर सोपवून चालत नाही. ते पावसाच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत, पांढरी फुले धरण्यापूर्वी, ओल्या जमिनीतून मुळासकट उपटावे लागते; फुलल्यावर कोयत्याने छाटले तर बुडापासून पुन्हा फुटते आणि पराग तेवढे अंगावर उडतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात शाळाशाळांतून जी स्वच्छता मोहीम निघते, तीत हे काम श्रमदान म्हणून पाचवी-सहावीच्या मुलांच्या उघड्या हातांना दिले जाते. ते जुलैत, हातमोजे घातलेल्या मोठ्या माणसांकडून करून घेण्यास एक दिवसाची मजुरी पुरते.